‘अधांतर’मधील नरू : टोळी आणि घर

मुंबई बंदरातील गुंडाचे जीवन मराठी प्रेक्षकाला परिचित झाले ते प्रामुख्याने चित्रपटांतून. महेश मांजरेकर यांच्या ‘वास्तव’ (१९९९) या हिंदी चित्रपटातील रघू चाळीतून निघून टोळीचा म्होरक्या होतो आणि अखेर आईच्याच हातून मरतो. हा शेवट प्रेक्षकाला हेलावून सोडतो. तथापि कथेचा केंद्रबिंदू आरंभापासून रघूच असतो.

जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ने हा केंद्रबिंदू त्यापूर्वीच, १९९७ साली, हलविला होता. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्या संपाच्या पश्चात गिरणगावातील एका कुटुंबाची झालेली अवस्था हा या नाटकाचा विषय होय. टोळीत शिरलेला नरू येथे नायक नाही. बाबा, मोहन व मंजू यांचे तो केवळ एक भावंड आहे. त्याचे शौर्य रंगमंचावर मिरवत नाही. दिसते ते त्याचे घरातील येणेजाणे आणि त्या पैशापुढे आईची होणारी कोंडी. गुंडगिरी ही स्वभावातील विकृती नसून बंद पडलेल्या वेतनाची जागा घेणारी एक वाट आहे, हे नाटककाराने भाष्य न करता सुचविले आहे.

एका खोलीच्या या चौकटीची किंमतही नाटकाला द्यावी लागते. नरूला पोसणारे कोण, टोळीचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, हे प्रश्न उंबरठ्याबाहेरच राहतात. असे असूनही नाटकाचा नैतिक तोल ढळत नाही. कारण दारिद्र्याचे कारण दाखविताना नरूला निर्दोष ठरविण्याचा मोह नाटककाराने टाळला आहे.

शिरूर व दौंड येथील वाचकाला हे सर्व दूरचे वाटण्याचे कारण नाही. मुंबईच्या गिरण्यांना मनुष्यबळ मिळाले ते कोकणाप्रमाणेच घाटावरील गावांतूनही. आज शिरूर तालुक्यात रांजणगाव व दौंड तालुक्यात कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती असून अनेक घरांची चूल कारखान्याच्या फाटकाशी बांधलेली आहे. ते फाटक बंद झाले तर घरातील तरुण मुलगा कोठे जाईल, हा ‘अधांतर’चा प्रश्न आहे, आणि तो एकट्या गिरणगावाचा नाही.