‘मिडलसेक्स’ : देह, ओढ आणि निवाडा

जेफ्री युजेनिडिस यांच्या ‘मिडलसेक्स’ (२००२) या अमेरिकन कादंबरीचा निवेदक कॅल हा कॅलिओपी या नावाने, मुलगी म्हणून वाढतो. ५-अल्फा रिडक्टेज या विकराच्या अभावी गर्भावस्थेत त्याची बाह्य जननेंद्रिये पुरुषी घडत नाहीत. पौगंडावस्थेत टेस्टोस्टेरॉन वाढताच शरीर पालटते. संबंधित जनुक दुसऱ्याऐवजी पाचव्या गुणसूत्रावर दाखवल्याची चूक सोडता हे चित्रण शास्त्रसंमत आहे.

कादंबरीची मर्यादा अन्यत्र आहे. संगोपन निर्णायक मानणारा डॉक्टर ल्यूस, मुलगे आवडतात या कॅलिओपीच्या खोट्या कथनावर विसंबून तिला स्त्री ठरवतो व शस्त्रक्रिया सुचवतो. लेखक ही शस्त्रक्रिया नाकारतो. परंतु मुलींविषयीची ओढ पुरुषत्वाची साक्ष मानून डॉक्टरचाच निकष उलटा वापरतो. वस्तुतः लैंगिक कल हा लिंगनिश्चितीचा पुरावा नव्हे; समान शरीररचनेच्या व्यक्तींचा कलही भिन्न असतो. मुलगी असताना आपण परके नव्हतो, ही कॅलची कबुली याच दिशेने जाते. तो धागा अर्ध्यावर सुटतो. तथापि देहाविषयी तत्काळ निवाडा देण्याची वैद्यकीय घाई उघडी पाडणे, हे या कादंबरीचे श्रेय निर्विवाद आहे.