मानसोपचाराचे पुरस्कार : अक्कलकुव्यातून बघताना

मानसिक आरोग्यातल्या कामाला मोठा पुरस्कार मिळाला की आपण टाळ्या वाजवतो, बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतो आणि विषय संपतो. आज आपण जरा थांबू. पुरस्काराने नेमकं काय मोजलं, ते बघू. आणि अक्कलकुव्यात बसूनच बघू.

पहिलं उदाहरण आपल्या ओळखीचं. 2018 चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार डॉ. भरत वाटवानींना मिळाला. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आसरा द्यायचा, उपचार करायचे, आणि बरं वाटायला लागलं की गाव शोधून घरी पोचवायचं, हे काम त्यांची 'श्रद्धा' संस्था 1988 पासून करते आहे. पुरस्कार योग्यच होता, त्याबद्दल आपलं दुमत नाही. पण संस्था उभी केली दोघांनी. त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता वाटवानी याही मानसोपचारतज्ज्ञ. पुरस्कारावर नाव मात्र एकाचंच. तसं व्हायलाच हवं होतं असंही नाही, कारण 2008 मध्ये याच मॅगसेसेने डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना जोडीनं गौरवलं होतं.

बरं, नावाचं सोडा. रुग्ण घरी पोचला की बातमी संपते. आपल्याकडे खरं काम तिथून सुरू होतं. समजा असा एखादा माणूस मोलगीच्या वरच्या पाड्यावर परत आला. त्याला रोजची गोळी कोण देणार? दिवाळीनंतर सगळं घर ऊसतोडीला गुजरातेत गेलं आणि गोळ्यांची पट्टी संपली, तर नवी कोण आणणार? 'आधी बडव्याकडे नेऊ' म्हणणाऱ्या काकांशी, त्यांचा मान राखून, कोण बोलणार? हे सगळं करते ती त्याची आई, भावजय, नाहीतर पाड्यावरची आशाताई. वर्षभर गोळी चुकली नाही, यासाठी सन्मान आपण तरी कुठे ऐकलाय?

दुसरं उदाहरण गोव्याचं, आणि ते आम्हाला जास्त विचार करायला लावतं. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगथ' संस्थेनं तिथे दाखवून दिलं की नैराश्याच्या रुग्णाला मदत करायला दर वेळी पदवीधर तज्ज्ञच लागतो असं नाही. नीट प्रशिक्षण आणि देखरेख असेल, तर गावातली साधी माणसं प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून समुपदेशन करू शकतात. 2010 आणि 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे अभ्यास आले. 2019 मध्ये डॉ. पटेलांना कॅनडाचा गेअर्डनर पुरस्कार मिळाला. आता गंमत बघा. संशोधनाचा निष्कर्ष असा, की हे काम प्राध्यापकाशिवायही होतं. आणि पुरस्कार मिळाला प्राध्यापकाला! यात डॉ. पटेलांचा दोष नाही. पुरस्कारांची रचनाच तशी आहे. शोधनिबंध, पद, शिफारसपत्र यांना तिथे रकाना असतो. समोरच्याचं ऐकून घेत बसलेल्या समुपदेशकाला नसतो.

आमचा खरा आक्षेप भाषेचा आहे. शस्त्रक्रिया मुकाट्यानं होऊ शकते, मानसोपचार बोलूनच करावा लागतो. आपल्या तालुक्यात घरात पावरी, भिली बोलली जाते. 2011 च्या जनगणनेत भिली-भिलोडी गटाचे भाषक एक कोटीच्या वर नोंदले गेले, तरी ही भाषा आठव्या अनुसूचीत नाही. शाळेतल्या मराठीत माणूस ताप सांगेल, खोकला सांगेल. रात्री झोप का लागत नाही, ते त्या मराठीत सांगता येईलच असं नाही. मग दुभाषा लागतो, आणि तो बहुतेक वेळा घरातलाच. नवऱ्याबद्दलची तक्रार बाईनं नवऱ्याच्याच तोंडून डॉक्टरला सांगायची, ही कसली चिकित्सा?

म्हणून पुरस्कार देणाऱ्यांकडे आपलं मागणं साधं आहे. अर्जात दोन रकाने वाढवा. उपचार कोणत्या भाषेत झाला, आणि घरी गेल्यावर वर्षानं रुग्ण कसा आहे. आणि दुसऱ्या रकान्याचं उत्तर डॉक्टरकडून घेऊ नका. पाड्यावर जाऊन त्याच्या आईला विचारा.