मनोगतात न मावलेली कादंबरी

धरणाच्या पाण्याखाली गाव जाते, माणसे उठवली जातात आणि नव्या जागी त्यांना मूळ धरता येत नाही. या एकाच विषयावरच्या दोन मराठी कादंबऱ्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आहे. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ला १९९२ साली आणि कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला २०२३ साली. पाटील प्रशासकीय सेवेतले अधिकारी; पुनर्वसनाचे सरकारी काम त्यांनी आतून पाहिलेले. खोत पन्हाळ्याच्या डोंगराळ मुलखात राहणारे, पेशाने शिक्षक. ‘झाडाझडती’त नोटिसा, मोबदला, दलाल, कचेऱ्यांचे हेलपाटे, मोर्चे असा सगळा व्यवहार गर्दी करून येतो, वाचकाला श्वास घ्यायला जागा मिळत नाही. ‘रिंगाण’मध्ये देवाप्पा सोडून आलेल्या गावाकडे परत जातो तो मागे राहिलेल्या म्हशीसाठी, आणि दावणीचे जनावर रानटी झालेले त्याला सामोरे येते. ‘ही कादंबरी कशी सुचली?’ या प्रश्नाला ‘विस्थापितांचे दुःख पाहिले’ असे उत्तर दिले तर ते दोघांनाही लागू पडेल. दोन पुस्तकांमधले सगळे अंतर मात्र त्या उत्तराबाहेर राहील.

हा मुद्दा आज काढावासा वाटतो, कारण मराठी कादंबरीकार आपल्या पुस्तकाविषयी पूर्वी कधी बोलले नसतील इतके बोलू लागले आहेत. नव्या कादंबरीला मनोगत असते, मागे लांबलचक ऋणनिर्देश असतो. मग प्रकाशन समारंभातले भाषण, वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीतला लेख, दिवाळी अंकातली मुलाखत, यूट्यूबवरच्या गप्पा. पार्ल्याच्या ‘मॅजेस्टिक गप्पां’सारखे उपक्रम तर काही दशकांपासून वाचक आणि लेखक यांना समोरासमोर बसवत आले आहेत. साहित्य अकादमी पुरस्कार देते तेव्हाही लेखक संमेलन भरवते आणि चोवीस भाषांतले पुरस्कृत लेखक तिथे आपल्या निर्मितीविषयी बोलतात. हे सगळे चांगलेच आहे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, शहरी साहित्यवर्तुळात ओळख नसलेल्या लेखकाला त्यातून वाचक मिळतो, आणि पुस्तकांची दुकाने कमी होत चाललेल्या काळात ही मदत मोठी आहे.

पण या बोलण्याला एक ठरीव वळण पडले आहे. गाव, आजीच्या गोष्टी, कष्टाचे बालपण, एखादी अस्वस्थ करणारी बातमी, संशोधनासाठी केलेली पायपीट, चाळलेली कागदपत्रे, आणि शेवटी ‘हे सगळे कागदावर उतरल्याशिवाय चैन पडेना’. यातले काहीही खोटे नसते. फक्त कादंबरी त्यात नसते. अनुभव कुठून आला ते कळते. त्या अनुभवाला निवेदक कसा सापडला, कोणती भाषा हाताशी आली, किती पाने फाडून टाकावी लागली आणि कोणत्या जागी लेखक अडून बसला, हे कळत नाही. आणि कादंबरी घडते ती नेमकी याच जागांवर.

याची मुळे जुनी आहेत. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली आली ती हिंदू विधवांची स्थिती दाखवण्यासाठी. हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’मधून ‘पण लक्षात कोण घेतो!’ क्रमशः लिहिली ती एका बालविधवेच्या आत्मकथनाच्या रूपात. दोघांचाही हेतू समाजसुधारणेचा होता आणि तो त्यांनी लपवला नाही. तरी आज यमुना अभ्यासक्रमापुरती उरली आहे आणि यमू अजून जिवंत वाटते. कारण हरिभाऊंना घरातल्या बायकांचे बोलणे ऐकू आले होते, आणि एका मुलीलाच बोलू द्यायचे हे त्यांनी ठरवले होते. हेतूपेक्षा हा निर्णय मोठा होता.

अण्णा भाऊ साठ्यांच्या बाबतीत तर लेखकाचे म्हणणे आणि त्याची कादंबरी यांच्यातला ताण फार बोलका आहे. ‘वैजयंता’च्या प्रस्तावनेत त्यांनी आपण जगलो, पाहिले, तेच लिहितो असे ठामपणे सांगितले. कल्पनेच्या भराऱ्या मारणाऱ्या साहित्याला त्यांचे ते उत्तर होते आणि त्या काळात ते फार गरजेचे होते. मग ‘फकिरा’ वाचावी. ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आणि तिला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. तिच्यातला नायक नुसता पाहिलेला माणूस नाही. तो शाहिराने उभा केलेला वीर आहे. प्रसंग चढत जातात, वाक्ये डफावर थाप पडावी तशी येतात. पोवाडे रचणाऱ्या, लोकनाट्याचा फड गाजवणाऱ्या माणसाचा कान या गद्यात काम करतो आहे. ‘जगलो ते लिहिले’ हे खरे असले तरी कसे लिहिले याचे उत्तर त्या प्रस्तावनेत मिळत नाही. ते शाहिरीत शोधावे लागते. साठ्यांवर दलित-कष्टकऱ्यांच्या अनुभवाचे लेखक म्हणून भरपूर लिहिले गेले. त्यांच्या गद्याची लय मात्र अजून नीट मोजली गेलेली नाही, आणि हा अन्याय अनुभवाच्या गौरवातूनच झाला आहे.

लेखिकांना या प्रश्नाची वेगळी किंमत मोजावी लागली. मालतीबाई बेडेकरांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने आणला, तेव्हा पुस्तकात काय आहे यापेक्षा ते लिहिणारी बाई कोण याचीच चर्चा अधिक झाली. पुढे सोलापूरच्या गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत त्यांनी सरकारी नोकरी केली आणि त्यातून १९५० साली ‘बळी’ ही कादंबरी आली. तारेच्या कुंपणातल्या मांग-गारुडी वस्तीचे इतके निकट, इतके निर्भीड चित्रण तोवर मराठीत नव्हते. पण पुरुष लेखकाला ‘अभ्यास किती केला?’ असे विचारले जाते आणि बाईला ‘हे तुमच्याच बाबतीत घडले का?’ असे विचारले जाते, ही रीत तेव्हा पडली आणि आजही मोडलेली नाही. गौरी देशपांडे, मेघना पेठे यांच्या लेखनाभोवतीचे बोलणे आठवले तरी ते लक्षात येते.

कविता महाजनांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणून महत्त्वाचे वाटते. ‘ब्र’मध्ये स्वयंसेवी संस्थांच्या जगातून फिरणारी नायिका आहे, ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या आदिवासी बायका आहेत. ‘भिन्न’ एचआयव्हीबाधित बायकांच्या आयुष्यात उतरते. दोन्ही कादंबऱ्यांना प्रत्यक्ष कामाची आणि भटकंतीची बैठक आहे. या लेखनामागे काय घडत होते ते त्यांनी ‘ग्राफिटी वॉल’मध्ये वेगळे, सविस्तर लिहिले. नोंदी, माणसे, स्वतःची दमछाक, माहितीचा ढीग हाती असताना गोष्ट कशी शोधायची याची तगमग त्यात आहे. मराठीत कादंबरीकाराने आपल्या कार्यशाळेचे दार इतके उघडे टाकल्याची उदाहरणे थोडी आहेत. त्यांच्या अकाली निधनाने ते दार लवकर बंद झाले, याची हळहळ आजही वाटते.

शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ची जन्मकथा बहुतेक वाचकांनी ऐकलेली असते. केदारनाथ मिश्र ‘प्रभात’ यांचे ‘कर्ण’ हे हिंदी काव्य, कोल्हापूरच्या शाळेतली नोकरी, कुरुक्षेत्राचा प्रवास आणि १९६७ साली आलेले पुस्तक. कथा रोचक आहे. पण ‘मृत्युंजय’ टिकली ती कुरुक्षेत्राची माती पायाला लागली म्हणून की कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण अशा सहा जणांना आळीपाळीने बोलते केले म्हणून? एकच माणूस सहा तोंडांनी सांगितला जातो तेव्हा त्याच्याविषयीचे सत्य कुणा एकाच्या ताब्यात राहत नाही. तिच्यामागे आलेल्या पौराणिक आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या लाटेने प्रवास उचलला, संदर्भग्रंथांची यादी उचलली, भरजरी भाषा उचलली. ही रचना मात्र फार थोड्यांनी समजून घेतली. आज एखाद्या ऐतिहासिक कादंबरीचे प्रकाशन होते तेव्हा लेखक किती गड चढला आणि किती दप्तरे धुंडाळली याचीच माहिती आधी दिली जाते. किल्ल्यांची संख्या हे कादंबरीचे प्रमाणपत्र होऊ शकत नाही.

अनुभवाच्या जवळ असणे हाच गुण मानला तर श्री. ना. पेंडशांचे काय करायचे? मुर्डीत जन्मलेले पेंडसे लहानपणीच मुंबईला आले, पुढे ‘बेस्ट’मध्ये नोकरीला लागले आणि ‘एल्गार’, ‘हद्दपार’, ‘गारंबीचा बापू’ या कोकणातल्या कादंबऱ्या त्यांनी मुंबईत राहून लिहिल्या. कोकण त्यांच्यापासून सुटले होते म्हणून ते इतक्या हट्टाने पुन्हा उभे राहिले असावे. नेमाड्यांनी ‘कोसला’ खानदेशातल्या आपल्या सांगवीत थोडक्या दिवसांत लिहून काढली आणि १९६३ साली रा. ज. देशमुखांनी ती छापली. या झपाट्याची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते. पांडुरंग सांगवीकरचा तो तिरकस, उडवून लावणारा आणि आतून कोसळत जाणारा आवाज मात्र थोडक्या दिवसांत तयार होत नाही. कोणत्या मराठी गद्यावर रागावून, कोणत्या जुन्या गद्याशी नाते जोडून तो आला, हे खरे तर विचारायचे. ‘हिंदू’चा पहिला भाग यायला २०१० साल उजाडावे लागले, ही गोष्टही त्या झपाट्याच्या दंतकथेशेजारी ठेवून पाहावी.

काही कादंबऱ्यांपुढे प्रेरणेचा नेहमीचा प्रश्न अडतोच. नंदा खरे यांची ‘उद्या’ अजून न आलेल्या काळाविषयी आहे. पाळत ठेवणारी यंत्रणा, कंपन्यांची सत्ता, घटत गेलेली मुलींची संख्या. हे कुणी ‘जगलेले’ नाही. अभियंता म्हणून बांधकामांवर काढलेली वर्षे आणि ‘आजचा सुधारक’मधून जोपासलेला विवेकवाद यांतून आजच्या आकड्यांची रेघ पुढे ओढण्याची सवय खऱ्यांना लागली होती. तीच इथे कल्पनाशक्ती झाली आहे. या कादंबरीला २०२० सालचा अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो नाकारला. चर्चा बहुतेक नकाराचीच झाली. प्रवीण बांदेकरांनी ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’साठी सिंधुदुर्गातल्या कळसूत्री बाहुल्यांच्या परंपरेचा आधार घेतला. दोर कुणाच्या हातात आहेत हा आजचा राजकीय प्रश्न त्या परंपरेने त्यांना विचारू दिला. इथे सामग्री आणि रचना एकच झाली आहेत.

उलट बाजूने मनोज बोरगावकरांची ‘नदीष्ट’ पाहण्यासारखी आहे. नांदेडची गोदावरी, तिच्यात वर्षानुवर्षे पोहणारा निवेदक, काठावर भेटणारे भिकारी, तृतीयपंथी, समाजाने बाजूला टाकलेली माणसे. हे लेखकाच्या आयुष्याच्या इतके जवळचे आहे की वाचक पात्रांचे पत्ते विचारतात. आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या त्यात या खरेपणाच्या ओढीचा वाटा आहे. तरी पुस्तकाची ताकद पोहणाऱ्या माणसाच्या नजरेत आहे. पाण्याच्या पातळीवरून काठ पाहिला की काठावरची उतरंड दिसेनाशी होते. ती नजर निवडणे हे कारागिराचे काम आहे आणि त्याबद्दल बोरगावकरांना जितके विचारले जावे तितके विचारले जात नाही.

दोष एकट्या लेखकांचा नाही. मुलाखतकार पुस्तक न वाचता येतो, तेव्हा ‘प्रेरणा काय?’ हा प्रश्न त्याला वाचवतो. परीक्षणकार मनोगतातला मजकूर उचलून परीक्षण भागवतो. मौजेत श्री. पु. भागवतांसारखा संपादक हस्तलिखितावर लेखकाशी दीर्घ चर्चा करी, त्यामुळे लेखकाला आपल्या निर्णयांची कारणे स्वतःशीच स्पष्ट करावी लागत. तशी संपादकाची खुर्ची आज बहुतेक प्रकाशनसंस्थांत रिकामी आहे. ज्याला कुणी लिहिताना प्रश्न केले नाहीत, तो लिहून झाल्यावर उत्तरे कुठून आणणार?

महाबळेश्वर सैलांचेच पाहा. सोळाव्या शतकातल्या गोव्यात पोर्तुगीज सत्तेने घडवलेली धर्मांतरे, मोडलेली देवळे, एका घरातच पडलेली फूट हा त्यांच्या ‘तांडव’चा विषय. ती मराठीत ‘तांडव’ आहे आणि कोकणीत ‘युगसांवार’. ती वाचून इतिहासाविषयी त्यांना विचारले जाते: इन्क्विझिशन, कागदपत्रे, खरे-खोटे. त्यापलीकडचा प्रश्न असा की शेतकरी, पाद्री आणि पोर्तुगीज अंमलदार यांची बोलणी दोन भाषांत मांडताना त्यांनी काय बदलले, कोकणीत सहज आलेला कोणता प्रसंग मराठीत अडला, आणि अडला तेव्हा त्यांनी तो कसा सोडवला. एखाद्या दिवाळी अंकाने यासाठी पंधरा पाने राखून ठेवावीत, आणि दोन्ही पुस्तके शेजारी उघडून बसणारा मुलाखतकार त्यांच्याकडे पाठवावा.