अंगठा आणि अंगठी

मराठी माणसानं अंगठ्याला कधी बरं वागवलेलं नाही. फसवायचं असलं की अंगठा दाखवायचा, सही येत नसली की अंगठाबहाद्दर म्हणायचं, आणि गुरुदक्षिणेचा विषय निघाला की पहिला बळी एकलव्याच्या अंगठ्याचा. करंगळीनं गोवर्धन उचलून नाव काढलं, अनामिकेला अंगठी मिळाली, तर्जनी आयुष्यभर दुसऱ्याकडे रोखलेली. अंगठ्याच्या वाट्याला काय, तर शाईचा पॅड. त्यामुळे अंगठ्यातही घालायची एक अंगठी असते आणि ती घालून वाद्य वाजवतात हे कळलं, तेव्हा त्या उपेक्षित बोटासाठी मला मनापासून आनंद झाला. हा आनंद मेंडोलिनपाशी येऊन अडला. का अडला, ते सांगतो.

या अंगठीला वाजवणारे थंब-पिक म्हणतात. प्लॅस्टिकचा किंवा धातूचा एक पट्टा अंगठ्याला वेढून बसतो आणि त्याच्या एका बाजूनं एक पातं तारेच्या दिशेनं बाहेर येतं. सतारियाची मिजराब तर्जनीत असते, तशी ही अंगठ्यात. आपल्याकडे ती आली हवाईयन गिटारवाल्यांमुळे. एके काळी ही गिटार मांडीवर आडवी घेऊन सिनेमाची गाणी वाजवणारा एक तरी तरुण दर गल्लीत असायचा. याच घराण्यातली मोहनवीणा विश्वमोहन भट्ट अंगठ्यात आणि बोटांत नख्या घालून वाजवतात, आणि त्यांना १९९४ साली ग्रॅमी मिळालं. तेव्हा अंगठीच्या खानदानाबद्दल माझी काडीची तक्रार नाही. तक्रार स्थळाबद्दल आहे. मुलगी चांगली, मुलगा चांगला, फक्त पत्रिका जुळत नाही.

मेंडोलिनची पत्रिका अशी. तारा आठ, पण जोड्या चार. प्रत्येक जोडीतल्या दोन तारा एकाच सुरात लावलेल्या. सूर व्हायोलिनचेच, मात्र हातात गज नाही. इथेच सगळं संकट सुरू होतं. गज फिरत राहतो तोवर व्हायोलिनचा सूर टिकतो. मेंडोलिनची तार मोकळी असताना जेमतेम पस्तीस सेंटिमीटर. छेडली की टणकन वाजते आणि लगेच विझते. सूर लांबवायचा तर उपाय एकच, तो मरायच्या आत त्याला पुन्हा जिवंत करायचा. म्हणून वादक खाली-वर, खाली-वर असे इतक्या वेगानं आघात करतो की ऐकणाऱ्याला एकच सलग सूर भासावा. यालाच ट्रेमोलो म्हणतात. मेंडोलिन ऐकताना आपल्याला जी गोड थरथर जाणवते ना, ती हीच. ट्रेमोलो काढून घेतला तर मेंडोलिन म्हणजे नुसता दागिन्यांचा डबा. दिसतो छान, वाजतो खुळखुळ्यासारखा.

आता ट्रेमोलोत खालचा आघात जितका महत्त्वाचा तितकाच वरचा. सतारीच्या भाषेत सांगायचं तर 'दा' आणि 'रा' सख्खे भाऊ हवेत, एक थोरला आणि एक पोटभाडेकरू असं चालत नाही. साधं प्लेक्ट्रम, म्हणजे ती तिकोनी चकती, अंगठा आणि दुमडलेली तर्जनी यांच्यात सैलसर धरतात. खाली जाताना ती किंचित इकडे कलते, वर येताना किंचित तिकडे. ती कलते म्हणूनच तार तिला वाट देते.

अंगठीला कलायला जागाच नाही. खाली जाताना ती झोकात जाते, कारण अंगठ्याचा जोर त्याच दिशेला. वर येताना मात्र पातं तारेखाली शिरतं आणि तिथंच अडतं, पँटचा पाय सायकलच्या साखळीत अडकावा तसं. पट्टा सैल असेल तर अंगठी गर्रकन फिरते, घट्ट असेल तर अंगठ्याचं वांगं होतं. मग उपाय सुरू होतात. अंगठी गरम पाण्यात बुडवून मापात आणायची, पातं कानशीनं घासून आखूड करायचं. एवढं सगळं करूनही शेवटी तर्जनी आणून पातं धरावंच लागतं. आणि तर्जनीनं धरलेलं पातं म्हणजे पुन्हा प्लेक्ट्रमच की हो! फरक एवढाच, की याला पट्टा आहे.

कुणी म्हणेल, अंगठीमुळे बाकीची बोटं मोकळी राहतात. राहतात ना! चेट अॅटकिन्ससारखा गिटारवादक अंगठ्यानं खर्जाचा ठेका धरायचा आणि उरलेल्या बोटांनी गाणं वाजवायचा. पण गिटारवर बोटांना फिरायला अंगण असतं. मेंडोलिनच्या आठही तारा मिळून दीड इंचाची चाळीतली खोली. त्यात अंगठा शिरला की बाकीच्यांनी गॅलरीतच उभं राहायचं.

कुठली नखी कुठल्या वाद्याला, याचा निकाल अमेरिकेत एकाच रंगमंचावर लागलेला आहे. बिल मन्रो हा ब्लूग्रास संगीताचा जनक, वाद्य मेंडोलिन. त्याच्या वाद्यवृंदात १९४५ साली अर्ल स्क्रग्ज नावाचा बँजोवाला आला. स्क्रग्जच्या अंगठ्यात अंगठी आणि दोन बोटांत नख्या. त्या तीन बोटांनी त्यानं बँजोचं नशीब पालटलं. शेजारी उभ्या मन्रोच्या हातात मात्र साधं प्लेक्ट्रम. दोघं १९४८ सालापर्यंत एकत्र वाजवत होते. मन्रोनं स्क्रग्जची अंगठी मागितली नाही, स्क्रग्जनं मन्रोची चकती मागितली नाही. शेजारधर्म म्हणतात तो हा.

आपल्याकडेही तेच. सज्जाद हुसेन यांनी पडद्यांच्या या वाद्यातून मींड काढून दाखवली. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर संगीतकार होण्याआधी मेंडोलिनच वाजवायचे. यू. श्रीनिवास यांनी (१९६९–२०१४) विजेच्या मेंडोलिनवर जोडतारा काढून पाच एकेरी तारा चढवल्या आणि त्यावर अख्खं कर्नाटक संगीत उभं केलं. वाद्य बदललं, तारा बदलल्या, संगीत बदललं. चिमटीतलं प्लेक्ट्रम मात्र राहिलं.

मग अंगठीचा मोह होतो कुणाला? नवशिक्याला. कारण प्लेक्ट्रम पडतं. ऐन रंगात आलं की हमखास पडतं, आणि वाद्याच्या पोटातल्या भोकात गेलं तर वाद्य उलटं करून मिठाच्या बरणीसारखं हलवत बसावं लागतं. हे मध्यमवर्गीय माणसाला सहन होत नाही. आपण चष्म्याला दोरी लावतो, छत्रीवर नाव घालतो, रेल्वेत बर्थखालच्या बॅगेला साखळी लावून किल्ली जानव्याला अडकवतो. थंब-पिक ही मेंडोलिनच्या बॅगेला लावलेली साखळी आहे. बॅग जात नाही, हे खरं. पण पाय मोकळे करायला खाली उतरावं म्हटलं, तर जीव त्या साखळीतच. प्लेक्ट्रम पडू शकतं इतकं सैल धरलं, तरच ट्रेमोलो मोकळा होतो. ते शंभरदा पडतं, आपण शंभरदा वाकतो, आणि एकशे एकाव्या वेळी बोटांना आपसूक अंदाज येतो. अंगठी वाकण्याचे श्रम वाचवते आणि तो अंदाजही वाचवते. म्हणजे येऊच देत नाही.

इथवर खटला सरळ आहे. पण आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक काका आहेत. वय बहात्तर. तरुणपणी हवाईयन गिटार वाजवायचे; निवृत्तीनंतर मेंडोलिन घेतलं. उजव्या अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजलेला. किल्ली फिरवताना डोळ्यांत पाणी येतं, शर्टाची गुंडी काकू लावून देतात. शिकवणीला गेले, तर गुरुजींनी सांगितलं, "आधी प्लेक्ट्रम नीट धरा, मग पुढचं बोलू." ते चिमटीत चार सेकंदही राहीना. काकांनी मेंडोलिन कपाटावर ठेवलं आणि तीन महिने त्याकडे पाहिलं नाही. मग एक दिवस गिटारच्या जुन्या खोक्यात ती पिवळी पडलेली अंगठी सापडली.

मी ऐकायला गेलो. काका प्रत्येक सूर एकदाच छेडत होते, वरून खाली. लांब सूर निम्म्यातच विझत होते आणि उरलेली जागा ते गुणगुणून भरत होते.

"काका, वरचा आघातच नाही हो," मी म्हटलं. ऐकायला बोलावल्यावर खरं ते सांगायला हवं.

"अरे, 'रा' सोडूनच दिला," काका म्हणाले. "'दा'वर भागवतो. पेन्शनीत तसंच असतं."

समीक्षक म्हणून माझं मत कायम आहे. ते मेंडोलिन अर्धं होतं. ट्रेमोलो नव्हता, तो नसल्याचं प्रत्येक ओळीत जाणवत होतं, आणि काकांनाही ते माझ्यापेक्षा जास्त जाणवत होतं. पण कपाटावरच्या अख्ख्या मेंडोलिनपेक्षा मांडीवरचं अर्धं बरं. ज्या अंगठ्याला चिमूट धरवत नाही, त्याला आधी प्लेक्ट्रम धर म्हणणं हे थेट द्रोणाचार्यांचं काम. फरक इतकाच, की द्रोणाचार्यांनी निदान विद्या आल्यावर अंगठा मागितला होता.

तेव्हा निकाल असा. ज्याच्या हातून प्लेक्ट्रम पडतं, त्यानं वाकावं आणि उचलावं. ज्याच्या हातात ते राहूच शकत नाही, त्यानं खुशाल अंगठी घालावी, आणि गुरुजींनी त्याला 'दा'ची गाणी शोधून द्यावीत. वाद्यांच्या दुकानदारानं मात्र एक पथ्य पाळावं. गिऱ्हाइकानं मेंडोलिनसाठी अंगठी मागितली की माप घेण्याआधी कारण विचारावं. सोनार तसं विचारत नाही. त्यामुळे पुढे काय काय होतं, ते आपण घरोघरी पाहतोच.