हॉवर्थचे मृत्यू आणि ‘नियती’ची समीक्षा

ब्राँटे भावंडांच्या मृत्यूंविषयी लिहिताना समीक्षेची भाषा हटकून हळवी होते. १८४८च्या सप्टेंबरात ब्रॅनवेल, डिसेंबरात एमिली, पुढच्या मे महिन्यात ॲन. आठ महिन्यांत तिघे गेले. मग ‘नियती’, ‘शापित घर’ हे शब्द येतात. एलिझाबेथ गॅस्केल यांनी १८५७च्या शार्लट-चरित्रात रंगवलेल्या एकाकी, उदास हॉवर्थचा पगडा अजून ओसरलेला नाही. माझा आक्षेप या वाचनाला आहे.

यॉर्कशरमधले हॉवर्थ तेव्हा लोकरीच्या धंद्यावर जगणारे गजबजलेले गाव होते. तिथले धर्मोपदेशक पॅट्रिक ब्राँटे हे या भावंडांचे वडील. गावाच्या आरोग्याची सरकारी चौकशी व्हावी म्हणून त्यांनी पाठपुरावा केला. निरीक्षक बेंजामिन बॅबेज यांचा अहवाल १८५० साली निघाला. कादंबऱ्यांच्या शेजारी ठेवून वाचावा असा हा दस्तऐवज आहे. साऱ्या गावाला ६९ शौचकूप, बंदिस्त गटारे नाहीत, घरांलगत उकिरडे, चर्चभोवती खच्चून भरलेली दफनभूमी. मृत्यूचे सरासरी वय २५.८ वर्षे, ४१.६ टक्के मुले सहा वर्षांच्या आत दगावलेली.

हे आकडेही हळवेपणाने वाचू नयेत. माणसे पंचविशीत मरत होती, असा सरासरीचा अर्थ नाही. बालमृत्यूंनी ती खाली ओढली होती. जे तगले त्यांतले काही म्हातारेही झाले. पॅट्रिक स्वतः ८४ वर्षे जगले.

उलट टोकाला जाऊन ब्राँटे भावंडांचा बळीही गटारांनी घेतला, असे म्हणणे तितकेच चूक. क्षय पाण्यातून पसरत नाही. तो कोंदट खोलीत, खोकणाऱ्याच्या श्वासातून पसरतो. लोकर विंचरणारे कारागीर घरातच शेगडी पेटती ठेवून, खिडक्या लावून काम करत. थोरल्या मारिया आणि एलिझाबेथ तर १८२५ साली वसतिशाळेतून आजारी होऊन घरी परतल्या होत्या.

म्हणजे प्रत्येक मृत्यूचे कारण वेगळे शोधावे लागते. ‘नियती’ हा शब्द नेमका तो शोध थांबवतो. शिवाय तो सहा जणांचे मरण काव्यमय करतो आणि शेजारच्या शेकडो अनाम मुलांचे मरण नुसती पार्श्वभूमी करून टाकतो.

पॅट्रिक यांनी तसे केले नाही. ॲन गेली त्याच वर्षी, १८४९ मध्ये, त्यांनी गावकऱ्यांसह चौकशीच्या अर्जावर सही केली. मुले गमावलेल्या बापाने मागणी केली ती गावासाठी स्वच्छ पाण्याची आणि गटारांची. त्या अर्जाला ब्राँटे-समीक्षेत जागा मिळायला हवी.