रंगपटात कोण आहे?

28 नोव्हेंबर 1973च्या रात्री व्हर्सायच्या राजवाड्यात फ्रान्स आणि अमेरिकेच्या प्रत्येकी पाच फॅशन डिझायनरांचा सामना रंगला. निमित्त होतं राजवाड्याच्या डागडुजीसाठी निधी जमवण्याचं. फ्रेंचांकडे इव्ह सां लोराँ, जिव्हाँशी, पिएर कार्दँ अशी बडी मंडळी, जिवंत वाद्यवृंद, भलेमोठे सेट आणि दोन तासांचा भरगच्च कार्यक्रम. अमेरिकी चमूचा मागचा पडदा मापं फुटांत आणि मीटरमध्ये घेण्याच्या गोंधळात तोकडा पडलेला, संगीत टेपवरचं. पण त्यांच्या 36 मॉडेल्समध्ये दहा-अकरा कृष्णवर्णीय होत्या आणि त्या रंगमंचावर आल्यावर नूर पालटला. पॅट क्लीव्हलँड गिरक्या घेत आली. बेथान हार्डिसन समोरच्या उमराव-श्रीमंतांच्या नजरेला नजर भिडवून उभी राहिली. प्रेक्षकांनी हातातल्या कार्यक्रमपत्रिका हवेत उडवल्या. गंमत म्हणजे फ्रेंचांच्या बाजूने त्या रात्री रंगमंचावर होती जोसेफिन बेकर, सेंट लुईसमध्ये जन्मलेली कृष्णवर्णीय कलावती. वर्णद्वेषी अमेरिकेला कंटाळून तिने पॅरिस जवळ केलं, त्यालाही तेव्हा जवळजवळ अर्धशतक उलटत आलं होतं.

फॅशनच्या इतिहासात या रात्रीचे पोवाडे भरपूर गायले जातात. माझ्या मते त्या वर्षातली अधिक मोठी घटना शिकागोत घडली. कृष्णवर्णीय वाचकांसाठीचं ‘एबनी’ मासिक चालवणाऱ्या जॉन्सन घराण्यातल्या युनिस जॉन्सन ‘एबनी फॅशन फेअर’ नावाचा, 1958 मध्ये सुरू झालेला फिरता शो गावोगाव नेत होत्या. त्यातून धर्मादाय कामांना पैसा मिळे आणि मासिकाला वर्गणीदार. कपडे खरेदीला त्या पॅरिसला जात तेव्हा सुरुवातीला काही पेढ्या त्यांना माल विकायलाही राजी नसत. शोमधल्या मुलींची अडचण मात्र कपड्यांपलीकडची होती. त्यांच्या वर्णाचं फाउंडेशन बाजारात मिळतच नसे, म्हणून त्या दोन-तीन बाटल्या एकत्र कालवून आपापला रंग तयार करत. मोठ्या कंपन्यांना गडद शेड बनवण्याबद्दल विचारून पाहिलं, कोणी दाद दिली नाही. तेव्हा 1973 मध्ये युनिसबाईंनी स्वतःच ‘फॅशन फेअर’ सौंदर्यप्रसाधनं बाजारात आणली. व्हर्सायची टाळी त्या रात्रीपुरती होती. ही बाटली मात्र दुकानाच्या काउंटरवर रोज मिळणार होती.

फॅशन आणि मनोरंजनातल्या कृष्णवर्णीयांच्या प्रतिनिधित्वाबद्दल गेली पन्नास वर्षं जी चर्चा चालली आहे, तिचा सारा भर समोर दिसणाऱ्या चेहऱ्यावर आहे. पहिलं मुखपृष्ठ कोणाचं, पहिलं ऑस्कर कोणाला, कोणत्या शोमध्ये किती जणी चालल्या. ही मोजदाद निरुपयोगी नाही. पण खरी कसोटी मागे, रंगपटात लागते. चेहरा रंगवतो कोण, केस विंचरतो कोण, दिवा कुठे ठेवायचा ते ठरवतो कोण आणि बिलावर सही कोणाची? या बाजूने पाहिलं तर चित्र बरंच फिकं दिसतं.

मुखपृष्ठांची कथा झटपट सांगता येईल. ब्रिटिश ‘व्होग’ मासिकाच्या मार्च 1966च्या अंकावर कृष्णवर्णीय मॉडेल डॉन्येल लूना झळकली, पण छायाचित्रात तिची बोटं नाका-तोंडावर आडवी आली होती. दिसत होता तो मुख्यतः डोळा. अमेरिकी ‘व्होग’ला बेव्हर्ली जॉन्सनपर्यंत पोचायला ऑगस्ट 1974 उजाडावा लागला. फ्रेंच आवृत्तीवर नाओमी कॅम्पबेल आली ती 1988 मध्ये, तीही सां लोराँने जाहिराती काढून घेण्याची धमकी दिल्यावर, असं ती स्वतः सांगते. जुलै 2008 मध्ये इटालियन ‘व्होग’ने फक्त कृष्णवर्णीय मॉडेल्सचा अंक काढला. तो हातोहात खपला, पुन्हा छापावा लागला. कृष्णवर्णीय चेहऱ्यावर अंक विकला जात नाही, ही संपादकांची जुनी सबब तिथेच निकालात निघायला हवी होती. निघाली नाही. पाच वर्षांनी, 2013 मध्ये, त्याच बेथान हार्डिसनला न्यूयॉर्क, लंडन, पॅरिस आणि मिलानच्या फॅशन संघटनांना जाहीर पत्रं लिहून कोणकोणते डिझायनर कृष्णवर्णीय मॉडेल घेत नाहीत, त्यांची नावं छापावी लागली. व्हर्साय गाजवून चाळीस वर्षं झाल्यावर!

आता दिव्याकडे येऊ, कारण अन्याय सर्वांत चिवटपणे तिथे मुरला आहे आणि त्यावर बोललं कमी जातं. रंगीत फिल्मच्या जमान्यात कोडॅक छपाईच्या प्रयोगशाळांना रंग जुळवायला एक नमुना छायाचित्र पुरवत असे. त्यातली बाई गोरी. तिचं नाव पडलं ‘शर्ली’, आणि तिच्यानंतर आलेल्या बायकाही शर्लीच म्हणवल्या गेल्या. तिची कांती नीट उतरली की यंत्र नीट जुळलं. गडद त्वचेचे बारकावे टिपायला फिल्म कमी पडते हे कृष्णवर्णीय आईबाप शाळेतल्या गटछायाचित्रांवरून कधीचे ओळखून होते. फोटोत मुलाचे डोळे आणि दात दिसत, बाकी अंधार. कंपनीने गडद छटांकडे लक्ष पुरवलं त्यामागे मोठा रेटा होता चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांच्या तक्रारींचा. सागवान आणि शिसवीतला फरक फोटोत दिसायला हवा होता. माणसाचा चेहरा त्यानंतर.

उजेडाची ही विद्या आता बदलली आहे आणि बदल करणाऱ्यांची नावं घ्यायलाच हवीत. ‘मूनलाइट’ (2016) या चित्रपटात दिग्दर्शक बॅरी जेनकिन्स आणि छायालेखक जेम्स लॅक्स्टन यांनी मायामीच्या दमट हवेत घामेजलेली त्वचा तशीच चमकू दिली. चेहऱ्यावर पावडर मारून चकाकी दाबण्याचा रिवाज मोडून तेलाचा हात फिरवला. ‘इनसिक्युअर’ या मालिकेची छायालेखिका एव्हा बर्कोफ्स्की कलाकारांच्या चेहऱ्यावर आधी मॉइश्चरायझर लावून घेई. मग दिव्याचा झोत थेट चेहऱ्यावर न टाकता पांढऱ्या फलकावर टाकायची, म्हणजे त्या उजेडाचं प्रतिबिंब गालावर, कपाळावर उमटतं. रात्रीच्या क्लबमधलं दृश्य अंधारंच राहतं आणि माणूसही दिसतो. गोऱ्या माणसासाठी बसवलेल्या दिव्यांचा जोर नुसता वाढवला तर आधी मागची भिंत पांढरीफटक पडते. यात महागडं असं काहीच नाही. हे इतकी दशकं कोणाला सुचलं नाही असं म्हणण्यापेक्षा कोणाला गरज वाटली नाही, असं म्हणणं जास्त खरं.

दिवा कृष्णवर्णीयांच्या हाती आला म्हणजे वाद मिटतात असंही नाही. ब्रिटिश ‘व्होग’चा पहिला कृष्णवर्णीय संपादक एडवर्ड एनिनफुल याने फेब्रुवारी 2022च्या मुखपृष्ठावर आफ्रिकी वंशाच्या नऊ मॉडेल्स आणल्या. छायाचित्रकारही आफ्रिकी-ब्राझिली. तरी टीका झाली की नऊ जणींच्या नऊ छटा एकाच काळ्याभोर रंगात बुडवून टाकल्या. मला ही टीका रास्त वाटते. पण ती छटांच्या पातळीवर झाली, ही प्रगतीच.

मेकअपच्या खुर्चीबद्दल इमानचा अनुभव प्रसिद्ध आहे. 1975 मध्ये सोमाली वंशाची ही मॉडेल अमेरिकेत पहिल्या कामाला बसली तेव्हा मेकअपवाल्याने तिलाच विचारलं, की तुझं फाउंडेशन आणलंयस का? मग त्याने काहीतरी कालवून फासलं आणि ती राखाडी दिसू लागली. पुढे 1994 मध्ये तिने स्वतःची प्रसाधन कंपनी काढली. म्हणजे 2017 मध्ये गायिका रिहानाच्या ‘फेन्टी’ने 40 शेड एकदम आणून जो हलकल्लोळ उडवून दिला, त्याची जमीन युनिस जॉन्सन आणि इमान यांनी नांगरून ठेवली होती. फरक भांडवलाचा होता. रिहानाच्या पाठीशी एलव्हीएमएच हा बडा फॅशन समूह होता.

केसांचंही तेच. आफ्रिकी केस हाताळायचं कसब सेटवर कोणाकडे नसल्यामुळे कित्येक अभिनेत्री पदरचे पैसे मोडून केस घरून करून येत. केशभूषा-रंगभूषेचं ऑस्कर कृष्णवर्णीय स्त्रियांना पहिल्यांदा मिळालं ते 2021 मध्ये, ‘मा रेनीज ब्लॅक बॉटम’ या चित्रपटासाठी, मिया नील आणि जमिका विल्सन यांना. नील यांनी त्यात घोड्याच्या केसांचा टोप विणला होता, कारण खरी गायिका मा रेनी तसलाच टोप घालत असे. असे तपशील परंपरा ठाऊक असलेल्या हातातूनच येतात.

आपण इथे बसून हसू नये. जुलै 2020 मध्ये, अमेरिकेतल्या ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’च्या लाटेनंतर, मुंबईच्या हिंदुस्तान युनिलिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’चं ‘ग्लो अँड लव्हली’ केलं आणि नळी दुकानात तिथेच राहिली. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईच्याच ‘बाला’ या हिंदी चित्रपटात सावळ्या मुलीच्या अवहेलनेची गोष्ट सांगण्यासाठी गोऱ्या भूमी पेडणेकरला काळी रंगवण्यात आली. सावळी नटी मिळाली नाही म्हणावं, तर आपल्या देशात?

कपड्यांच्या धंद्यात श्रेयाचा प्रश्न सर्वांत उघडावाघडा दिसतो. हार्लेममध्ये 125व्या रस्त्यावर डॅपर डॅन याने 1982 मध्ये दुकान थाटलं. बड्या पेढ्यांची बोधचिन्हं चामड्यावर छापून तो रॅपर आणि मुष्टियोद्ध्यांना अशी जाकिटं शिवून देई, जी त्या पेढ्यांच्या स्वप्नातही नव्हती. वकिलांच्या धाडी पडल्या आणि 1992 मध्ये दुकान बंद झालं. कायद्याने पेढ्यांचं चुकलं नव्हतं, बोधचिन्हं त्यांचीच होती. पण 2017 मध्ये गुच्चीने डॅपर डॅनच्याच, फुगीर बाह्यांच्या जाकिटासारखं जाकीट आपलं म्हणून रॅम्पवर आणलं. समाजमाध्यमांवर गहजब झाला, मग कंपनीने त्याच्याशी भागीदारी केली. गहजब झाला नसता तर? उलट वेशभूषाकार रूथ कार्टर यांचं पाहा. ‘ब्लॅक पँथर’ चित्रपटातल्या राणीचा मुकुट त्यांनी झुलू विवाहित स्त्रियांच्या पारंपरिक टोपीवरून घेतला आणि त्रिमितीय छपाईने बनवून घेतला. उगमाचं नाव त्यांनी लपवलं नाही. 2019चं वेशभूषेचं ऑस्कर त्यांना मिळालं. वेशभूषेत ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय.

आणि शेवटी सहीचा अधिकार. डिझायनर व्हर्जिल अबलो 2018 मध्ये लुई व्हिताँच्या पुरुष विभागाचा प्रमुख झाला, 2021 मध्ये अवघ्या 41व्या वर्षी गेला. त्याच्या जागी 2023 मध्ये फॅरेल विल्यम्स आला. 2018 मध्येच टायलर मिचेल अमेरिकी ‘व्होग’च्या मुखपृष्ठाचं छायाचित्र काढणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला. मासिकाचं वय तेव्हा 126 वर्षं. ऑक्टोबर 2023 मध्ये केरिंग समूहाने अलेक्झांडर मॅक्वीन या ब्रँडसाठी नवा प्रमुख निवडला तेव्हा समूहाच्या सहा मोठ्या फॅशन ब्रँडचे सहाही सर्जनप्रमुख गोरे पुरुष होते.