शड्डू, कॉलर आणि पाऊस

राजकीय भाषणे अनुवादाला घेतली की शब्द लवकर उरकतात. अडते ते देहापाशी. ऑक्टोबर २०१९ मधल्या महाराष्ट्राच्या निवडणूक प्रचारावरचा मजकूर सध्या मी बसवनगुडीत बसून कन्नडमध्ये नेते आहे. शड्डू ठोकण्याला इथे ‘तोडे तट्टुवुदु’ आयते मिळते, तालमीला ‘गरडी मने’. बांगड्या भरण्याचा टोमणा तर दोन्ही भाषांत जसाच्या तसा आहे. इतकी सोय संशयास्पद वाटते.

त्या प्रचारात देवेंद्र फडणवीस म्हणाले होते की, आमचे पैलवान तेल लावून तयार आहेत, पण समोर लढायला कोणीच नाही. शरद पवार तेव्हा राज्य कुस्तीगीर परिषदेचे अध्यक्ष होते. त्यांना हे रूपक परके नव्हते. कुस्ती पैलवानाशी होते, ‘अशांशी’ नाही, असे सांगताना बार्शीच्या सभेत त्यांनी हातवारे केले. तो निर्देश तृतीयपंथीयांकडे असल्याचा अर्थ अनेकांनी लावला, फडणवीसांनी आक्षेपही घेतला. मात्र वाद रंगला तो नेत्याला शोभते का, यावर. ज्यांची नक्कल झाली असे मानले गेले, त्यांचे काय, हे फारसे कोणी विचारले नाही.

मग १८ ऑक्टोबरची साताऱ्याची सभा. समोर पक्ष सोडून गेलेले उदयनराजे भोसले, ज्यांची कॉलर उडवण्याची लकब म्हणजे मिशीला पीळ देण्याची आजची आवृत्ती. इकडे ७८ वर्षांचे पवार, धो धो पावसात, छत्रीविना. लोकसभेला उमेदवार निवडताना चूक झाली, असे त्यांनी तिथेच कबूल केले. पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटील जिंकले.

माझ्या ओळखीतल्या पुरोगामी वाचकांना या भिजलेल्या, थकल्या देहात वेगळे, मृदू पौरुष दिसते. चूक कबूल करणारा पुढारी आपल्याकडे दुर्मीळ, हे मान्यच. पण मला त्यात तालमीतला वस्तादच दिसतो: अंग थकले तरी मैदान न सोडणारा. लोकांनीही ते चित्र ‘म्हातारा अजून लढतोय’ असेच वाचले. उडवलेली कॉलर आणि चिंब सदरा एकाच आखाड्याच्या मातीतले. दुसऱ्याला रियाझ जास्त, एवढेच. (त्या प्रसंगी छत्री घेणारी नेता असती, तर तिला काय म्हटले असते? आणि भिजली असती, तर?)

म्हणून बार्शी गाळून सातारा वाचणे मला पटत नाही. पावसाचे छायाचित्र घराघरांत पोचले. हातवारे विस्मरणात गेले. आमच्या संहितेतही ते कंसात एका शब्दात उरकले आहेत. मी तो कंस काढला. तिथे दोन वाक्ये लिहिली: हात हलले, आणि ती कोणाची नक्कल समजली गेली. संपादकांनी कन्नड पान लांबते म्हणून कळवले आहे. पावसाचा परिच्छेद थोडा कमी करा, असे मी उत्तर दिले.